फळ्यावरचं एक चुकलेलं नाव

दळवीकाका गेल्याचं मला आमच्या सोसायटीच्या फळ्यावरून कळलं. बहिणीच्या ऑपरेशनसाठी मी पंधरा दिवस मुलुंडला होते. त्या सकाळी दिंडोशीला परतले, रिक्षातून बॅग उतरवली आणि सवयीने गेटजवळच्या फळ्याकडे पाहिलं. तिथे सेक्रेटरींच्या अक्षरात काकांचं नाव होतं आणि अंत्ययात्रेची वेळ. ती लिहिण्यासाठी आधीचा मजकूर घाईत पुसला होता, पण वरच्या कोपऱ्यात काकांच्याच वळणदार अक्षरातलं 'यांचा आज जन्मदिवस' एवढं राहून गेलं होतं. वॉचमन म्हणाला, "झोपेतच गेले, मॅडम." मी बॅग हातात धरून तशीच उभी राहिले...

प्रभाकर दळवी आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. आयुष्यभर कोर्टात स्टेनो होते. साक्षीदार जे बोलेल ते, जसं बोलेल तसं, टाइप करायचं. त्यात आपलं काही घालायचं नाही, ही त्यांची नोकरी. काकी गेल्या, मुलगा बंगळूरला स्थायिक झाला, आणि निवृत्तीनंतर काकांनी हा फळा हाती घेतला. रोज सकाळी सातला ओलं फडकं आणि खडू घेऊन ते खाली उतरायचे. आज कोणत्या चित्रकाराचा, गायकाचा, विचारवंताचा वाढदिवस, ते लिहायचे आणि खाली त्या माणसाचं एक वाक्य. ऑफिसला पळणारी माणसं, शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या आया, दूधवाला, सगळे जाता जाता वाचायचे. कुणी चिडवायचं, "काय काका, आज केक कोणाचा?" काका गंभीरपणे नाव सांगायचे. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे खिडकीखालून मला हाक यायची, "मीनल, 'स्फूर्ती'तला फू दीर्घ ना गं?" पुण्यतिथ्या का नाही लिहीत, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "पुण्यतिथीला लोक त्यांच्याबद्दल बोलतात. वाढदिवसाला त्यांना बोलू द्यावं."

त्या फळ्यावरचं एकही वाक्य मी इथे देत नाही. आठवणीतून लिहिलेलं त्यांना चाललं नसतं. फोनवर फिरणारी सुविचारांची चित्रं कुणी दाखवली की त्यांचा एकच प्रश्न असे, "हे छापलंय कुठे?"

अशा माणसाच्या हातून चूक झाली. तीन वर्षांपूर्वी एका परदेशी चित्रकाराच्या वाढदिवसाला त्यांनी, गेलेल्या माणसाचं काम मागे राहिलेल्यांच्या हातात कसं जिवंत राहतं, अशा अर्थाचं वाक्य लिहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकूंचे यजमान नुकतेच गेले होते. आधी गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर सुतारकामात आयुष्य काढलेला माणूस. काकू त्या फळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "ह्या माका कागदावर लिवन दी." मी लिहून दिलं, चित्रकाराच्या नावासकट. त्यांनी त्याची फ्रेम करून सावंतांच्या फोटोखाली लावली.

सहा-सात महिन्यांनी एका दुपारी काका माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. एका पुस्तकात त्यांनी वाचलं होतं, की ते वाक्य त्या चित्रकाराचं नव्हेच. कुणीतरी पुढे कधीतरी त्याच्या नावावर खपवलेलं. "त्या दिवशी ताप होता गं. फोनवर आलं तसंच उतरवलं. तपासलं नाही."

"मग राहू द्या ना, काका. कुणाला कळणार आहे? त्यांना आधार वाटतोय."

"मला कळलंय ना."

मी चिडले. "हे कोर्ट नाहीये," असं तोडून बोलले. ते उठून गेले. पुढचे चार दिवस फळा कोरा होता. लोक मला विचारायला लागले, काका आजारी आहेत का. पाचव्या दिवशी ते पुन्हा दारात. "तू चल माझ्याबरोबर. एकट्याने जमायचं नाही."

सावंतकाकू भाजी निवडत बसल्या होत्या. काका बसले नाहीत. उभ्यानेच, साक्ष द्यावी तसं सगळं सांगितलं. ताप, फोन, पुस्तक, काहीही न गाळता. काकूंचे हात थांबले. त्या फोटोकडे पाहत राहिल्या आणि मला त्या क्षणी काकांचा खरंच राग आला...

मग काकू सावकाश म्हणाल्या, "पण कोणीतरी म्हटल्यान असतला ना ता? आपोआप काय उगावला नाय." थोड्या वेळाने उठल्या, फ्रेम काढून काकांच्या हातात दिली. "नाव तेवढा काढा. बाकीचा ऱ्हवांदे."

काकांनी मागचे खिळे काढले आणि खालची नावाची पट्टी ब्लेडने कापली. फ्रेम पुन्हा भिंतीवर गेली, काकूंनी चहा टाकला. जिना उतरताना काका मध्येच थांबले. म्हणाले, "तुझं ऐकलं असतं ना, तर त्या घरात मला परत चहा पिता आला नसता."

खरं सांगितलं तर त्या बाई कोलमडतील, असं मला वाटलं होतं. मी त्यांना जपत नव्हते, कमी लेखत होते. काकांनी तसं केलं नाही. पुढे वर्षातून दोन-तीनदा फळ्यावर बिननावाचं वाक्य यायचं आणि खाली बारीक अक्षरात 'कोणाचं, ते अजून सापडलेलं नाही.'

तेराव्यानंतर त्यांच्या मुलाने काकांची फळ्यावरच्या वाक्यांची वही मला आणून दिली. आठवडाभर मी ती उघडली नाही. एका सकाळी सावंतकाकूंनी बेल वाजवली. "फळो असो मोकळो बरो दिसणा नाय गो. आज कोणाचो वाढदिवस?" मी वही काढली. तारखेपुढे एका लेखिकेचं नाव, वाक्य, पुस्तक, पान. बाकी प्रत्येक नोंदीपुढे, छापील पुस्तकाशी ताडून झाल्यावर, काकांनी 'पाहिलं' असं लिहिलं होतं. या नोंदीपुढे ते नव्हतं.

शाळा सुटल्यावर मी गोरेगावच्या लायब्ररीत गेले. पुस्तक सापडायला दीड तास लागला. वाक्य होतं, पण वहीतल्यापेक्षा एक शब्द वेगळा होता. साधाच शब्द, अर्थही फारसा बदलत नव्हता. घरी येऊन, संध्याकाळच्या गर्दीत, त्या शब्दासह मी ते फळ्यावर लिहिलं. सावंतकाकू चष्मा लावून बोटाने एकेक अक्षर वाचत होत्या.

"दिवस तर सरलो," त्या म्हणाल्या. "पण बरोबर आसा ना?"

"बरोबर आहे, काकू. मी पाहिलंय."