सुषमाची नळी

काल माझ्या विद्यार्थिनीने प्रयोगशाळेतला डीप फ्रीझर उघडला. थंड वाफ अंगावर आली आणि मला शेवंताबाई आठवल्या.

तेव्हा मी नागपुरात एम.डी. करत होते. प्रबंधाचा विषय होता सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. वॉर्डातल्या आजारी मुलांचं रक्त मी लहान नळ्यांत गोठवून ठेवत असे. त्यांत नऊ वर्षांची सुषमा होती. सुई टोचायच्या आधी मीच तिची शीर पुन्हा पुन्हा चाचपत राहिले, तेव्हा ती म्हणाली होती, "घ्या ना बाई, काहून भेता?" पुढच्याच महिन्यात ती गेली.

तेरवी आटोपून तिची आई, शेवंताबाई, गावाहून एकट्याच आल्या. दारातूनच म्हणाल्या, "डॉक्टरबाई, माह्या पोरीचं रक्त तुमच्यापाशी हाये म्हंते. मले एकडाव पाहू द्या."

नियमात ते बसत नव्हतं. तरी मी नळी काढून दिली. त्यांनी ती दोन्ही तळहातांत धरली, वरचा बर्फ पदराने पुसला आणि हलकेच म्हणाल्या, "थंडी वाजून राह्यली असन वं तुले."

माझं लक्ष घड्याळाकडे होतं. मी म्हणाले, "द्या लवकर, वितळलं तर वाया जाईल."

"चुकलं बाई," म्हणत त्यांनी नळी लगेच परत केली आणि त्या निघून गेल्या.

नमुना वाया गेला नाही, यानेच तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आता मलाही मुलगी आहे. ती नळी त्यांच्या हातात वितळली असती, तर माझ्या प्रबंधातली एक ओळ कमी झाली असती, इतकंच.