आक्काजींचं प्रस्थान

आमच्या ह्यांना स्वस्थ बसलेलं माणूस बघवत नसे. मोहाडीच्या पोस्टात दिवसभर खुर्चीवर बसून जो जोर साठायचा, तो संध्याकाळी आमच्यावर निघायचा.

ऐंशी साल उलटल्यावर कधीतरी त्यांना कळलं, की केंद्र सरकारच्या नोकरीत सरकारी खर्चानं थेट अंदमानलाही जाता येतं. आमच्या गावचे लोक जायचे काशीला, नाहीतर पचमढीच्या महादेवाला. ह्यांनी अंदमान काढलं. कलकत्त्याहून बोटीनं जायचं, आणि उतरल्यावर परतीची बोट आठ दिवसांनी. त्या आठ दिवसांत बेटांवर काय करायचं, हे त्यांनी जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहून देवघराशेजारी चिकटवलं. पहिला दिवस, डोंगर चढणे. दुसरा दिवस, पोहणे. तिसरा दिवस, वाळूतून चार कोस चालणे. चौथ्या दिवशी विश्रांती लिहिली होती, पण ती खोडली होती.

"परतीच्या बोटीआधी लोक आराम करत असतील," मी म्हटलं.

"आराम कराले मोहाडी हाय ना," हे म्हणाले.

मग सराव सुरू झाला. दर रविवारी पहाटे वरठी स्टेशनपर्यंत पायी जायचं. मी प्राथमिक शाळेत शिकवायची. वाटेत पोरांचे आईबाप भेटायचे आणि काळजीनं विचारायचे, "बाई, बस सुटली काय?" पोहणं गावच्या तलावात. माझ्या नणंदेचं, आक्काजींचं नऊवारी लुगडं घट्ट कासोटा मारून मी पाण्यात उतरले आणि शिंगाड्याच्या वेलांत पाय अडकून तिथंच हातपाय मारत राहिले. काठावरच्या, शिंगाडे लावणाऱ्या ढिवरानं मला नाही, शिंगाड्यांना वाचवायला हाका मारल्या. बोटीची शिडी चढता यावी म्हणून धानाच्या कोठीला शिडी लावून रोज दहा वेळा चढउतार. उंदरांनाही आमची सवय झाली.

या सगळ्यात आक्काजी नव्हत्या. आक्काजी म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. विशीतच नवरा गेला, त्या माहेरी परत आल्या आणि आई नसलेल्या ह्या धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. आता साठीला टेकल्या होत्या. हे त्यांना बाई म्हणत. "बाईचे गुडघे दुखते," असं म्हणून ह्यांनी त्यांना आराखड्यातून वगळलं. साठीपर्यंत चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या गुडघ्यांना पोस्टातल्या माणसानं नापास केलं होतं.

आक्काजींना मात्र जायचंच होतं, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. एके दुपारी त्यांनी मला विचारलं होतं, "वैनगंगा जाते कोठी वो?" मी शाळेचा नकाशा पसरून दाखवलं, की अशी खाली जाते, प्राणहितेला मिळते, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर. तिथंच जरा बाजूला ती बेटं. त्यांनी त्या निळ्या रंगावर बोट ठेवलं. त्यांच्या यजमानांच्या अस्थी वैनगंगेतच सोडल्या होत्या. "म्हंजे थे इकडंच गेले," त्या म्हणाल्या. "भावाले सांग, मले बी ने म्हनाव."

मी सांगितलं नाही.

आता लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि आम्ही दोघं दारामागं आठ मिनिटं एकटे बोललो नव्हतो. इथं आठ दिवस मिळत होते. डोंगर चढावा लागला तर चढेन, शिंगाड्यात बुडेन, पण ते आठ दिवस मला कुणाशीही वाटून घ्यायचे नव्हते.

आमची गाडी नेमकी अवसेच्या दिवशी होती. रेल्वे काही पंचांग बघून चालत नाही. अशा वेळी आमच्याकडं उपाय ठरलेला असतो. आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाचं एखादं वस्त्र, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड असं गाठोडं बांधून शेजारच्या घरी ठेवायचं. याला प्रस्थान म्हणतात; म्हणजे माणूस त्याच दिवशी निघाला असं धरतात. जाताना गाठोडं तिथून उचलायचं. मात्र एकदा ठेवलेलं प्रस्थान घरी परत आणायचं नाही. आणलं तर सगळ्यांच्याच प्रवासाला खोट लागते. ह्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि मोडायची हिंमतही नव्हती. "बाई, तुले काय कराचं थे कर," असं आक्काजींना म्हणाले आणि पोस्टात गेले. तिथं चुकले.

बुधवारी दुपारी आक्काजी समोरच्या काकूंकडं आमची गाठोडी ठेवायला गेल्या, त्या आल्याच नाहीत. संध्याकाळी आम्ही दोघं बघायला गेलो. काकूंच्या ओसरीवर दोन नव्हे, तीन गाठोडी होती आणि तिसऱ्याला टेकून आक्काजी निवांत चहा पीत होत्या.

"बाई, घरी चाल," हे म्हणाले.

"कोन्या घरी? मी निंगाली."

"कोठी निंगाली?"

"तुमी जाऊन राहिले तिकडं. निंगालेलं मानूस वापस येते काय गा?"

"अवो, पन तुह्ये गुडघे..."

"गुडघे बी निंगाले."

काकू पदर तोंडाशी धरून आत पळाल्या. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी गाठोड्यांकडं पाहिलं.

सहा दिवस आक्काजींचा मुक्काम समोरच्या घरी होता. आमचा मुक्काम बेटावर व्हायचा होता, त्यांचा काकूंच्या ओसरीवर सुरूही झाला. अख्खा मोहल्ला त्यांना निरोप द्यायला येऊ लागला. कुणी चिवडा आणला, कुणी पापड, कुणी समुद्राला वाहायला नारळ. आमच्याकडं कुणी फिरकलं नाही. आमची गाठोडी निघाली होती, पण गावाच्या हिशेबी आम्ही अजून घरीच होतो. आक्काजी मात्र ओसरीवरून हाक मारून माझ्या फोडणीत काय कमी आहे ते सांगत. मी चिडून दोन दिवस वरण मुद्दाम अळणी केलं. ते खावं लागलं ह्यांना.

शेवटी ह्यांनी बोटीच्या कचेरीला तिसऱ्या नावाची तार केली आणि उत्तर येईपर्यंत तारयंत्राजवळून हलले नाहीत. चौथ्या दिवशी जागा मिळाल्याची तार आली. ती घेऊन हे आधी काकूंकडं गेले, मग घरी आले. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून पडून राहिले.

बोटीवर सराव केलेला माणूस आडवा झाला. आक्काजी त्यांना लिंबू चोखायला देत आणि खलाशांना बोटीत तांदूळ कुठला वापरता ते विचारत. बेटावर उतरल्यावर ह्यांच्यात पुन्हा जीव आला, आराखडाही निघाला. तिसऱ्या दिवशी वाळूतून चार कोस. हे तरातरा पुढं गेले. आक्काजी पाण्याच्या कडेला बसल्या, आणि आता शहाणपण सुचल्यासारखी मी त्यांच्याजवळ बसले.

त्यांनी लाटेत पाय सोडले. मग म्हणाल्या, "तू भावाले सांगतलंच नाई ना?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मले मालूम होतं. तुले तुह्या मानसासंगं एकटं राहाचं होतं."

"आक्काजी, चुकलं माझं..."

"चुकलं गिकलं काई नाई. ऊठ. जा त्याच्यामागं." त्या पाण्याकडंच बघत होत्या. "मले बी माह्या मानसासंगं एकटं बसू दे."