धाकटीचा कान

१४ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी साडेनऊला गोदीतून फोन. धाकटीसाठी निरोप. दिला नाही.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. शिक्षण सातवी. दीर गेले तेव्हा त्यांच्या जागी गोदीत लागली, पाइप बसवायच्या खात्यात. आमचे हे तेव्हा तिथेच फोरमन. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बायको ताट वाढतेय आणि यांच्या तोंडी धाकटीचं कौतुक. "तिच्या कानाला तोड नाही."

त्या गोदीत पाणबुडी शोधणारी जहाजं बांधतात; अशा जहाजाला स्वतः गप्प राहावं लागतं. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात आधीच गोंगाट. त्यात जहाजच खडखडलं तर पाणबुडी ऐकू कशी येणार? धाकटी लाकडी दांडक्याचं एक टोक पंपाला लावायची, दुसरं कानाला, आणि कुठला बोल्ट सैल आहे ते सांगायची. तीस वर्षांच्या संसारात यांनी माझं बोलणं असं कान देऊन एकदाही ऐकलं नाही.

आता ती निवृत्त आहे, राहते आमच्यातच. बांधलेल्या एकाही जहाजातून ती समुद्रात गेली नव्हती. तिचा मोबाइल दुरुस्तीला, म्हणून गोदीवाल्यांनी फोन मला केला. इथेच बांधलेलं नवं जहाज उद्या चाचणीला निघणार होतं, पण कुठूनतरी घरघर येत होती आणि यंत्रांना जागा सापडत नव्हती. "बाईंना सकाळी सातला पाठवा. जहाजावरूनच न्यायचंय."

संध्याकाळी धाकटी भाजी निवडायला आली.

"उद्या जहाज निघतंय म्हणे," ती म्हणाली. "बोलावतील असं उगाच वाटलं होतं."

मी भाजी निवडत राहिले.

"ताई, एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा का?"

डायरीत लिहिलेलं मी खोडत नाही. सकाळी 'दिला नाही' लिहिलं होतं; सांगितलं नाही तर रात्री पुन्हा तेच लिहावं लागलं असतं. मी सांगितलं.

"सकाळचा निरोप? आणि आता सांगताय?" तिने निवडलेली भाजी तशीच टाकली. मग म्हणाली, "भाऊजी म्हणायचे ते खोटं नाही. 'घरात नुसतं कुजबुजलं तरी ही तारीख घालून लिहिते, आणि माणसाला मात्र पत्ता लागू देत नाही.'"

आमच्या यांनी मला हे कधीच म्हटलं नव्हतं. माझ्याबद्दलचं बोलणंसुद्धा हिच्याच वाट्याला.

मी गोदीचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. ती ताठ उभी राहून नुसतं "हो साहेब, हो" म्हणत होती. तिच्याकडे बघवेना.

रात्री लिहिलं: निरोप दिला, सव्वासहा. धाकटी उद्या घरी नाही. दूध अर्धा लिटर कमी सांगितलं.