किशोररावांचा अल्बम आणि आप्पांची दादर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मध्ये हसलात की माझी सांगायची लय जाते. आणि चहा गार होऊ देऊ नका, कारण गोष्ट माझ्या स्वतःच्या मूर्खपणाची आहे. ती काही दोन घोटांत संपणारी नाही.

मी कसा माणूस आहे ते तुम्हाला माहीत आहे. तेवीस वर्षं रोज डायरी लिहितो. पाइपाच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे, तिथून एक वॉशर बाहेर जायचा तरी माझी सही लागते. तीच शिस्त घरी. आमच्या पिंप्राळ्याच्या घरात कात्री कुठे आहे असं कुणी विचारत नाही. माळ्यावरच्या प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर माझं अक्षर, आणि ते शाईपेनाचं. इतर कुठलं पेन मी हातात धरत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझे साडू, किशोरराव. धुळ्याला असतात आणि रॉक संगीत करतात. म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, लांब केस (आता फक्त मागून लांब, पुढचे गेले) आणि अल्बम. तो अल्बम कधी बाहेर येत नाही, एवढीच अडचण. पहिला अर्ध्यावर राहिला, कारण ड्रम वाजवणाऱ्याला वरणगावच्या फॅक्टरीत नोकरी लागली. दुसरा इंग्रजीत होता. सात गाणी झाल्यावर किशोररावांनीच मला विचारलं की साडूभाऊ, याचा नेमका अर्थ काय निघतो हो? चौथा शेजाऱ्यांनी बंद पाडला. पाचवा कॉम्प्युटरमध्ये होता, तो कॉम्प्युटरसकट गेला.

तिसरा राहिला ना सांगायचा? तो मुद्दाम मागे ठेवला. तिसरा अल्बम तापी नदीवर होता. त्यात त्यांच्या आईनं, मायनं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हणतात ते गाणं म्हटलं होतं, आणि किशोरराव त्याच्याभोवती गिटार वाजवणार होते. त्याच अल्बममध्ये निवेदन मी केलं होतं. बावीस मिनिटं. नदीचा उगम, लांबी, उपनद्या, कुठे वळते, का वळते, काही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी किशोररावांचा फोन आला की मूड गेला, अल्बम थांबवतोय. कलावंतांचं असं असतं, मी म्हटलं. वाईट वाटून घेतलं नाही.

तर पहिल्या चार अर्धवट अल्बमांच्या कॅसेटी माझ्याकडे. किशोरराव भाड्याची घरं बदलत राहतात आणि प्रत्येक घरात काहीतरी विसरून येतात. म्हणून त्यांनी कॅसेटी आणून दिल्या आणि म्हणाले, "साडूभाऊ, तुमच्याकडे काही हरवत नाही."

हे वाक्य मी त्या दिवशी डायरीत उतरवून ठेवलं होतं. एवढी कौतुकाची वाक्यं माझ्या वाट्याला येत नाहीत.

माय गेल्या वर्षी चैत्रात गेली. आणि मागच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, मी दाढी करत असताना किशोररावांचा फोन. आवाज नेहमीसारखा नव्हता. दीड महिन्यावर वर्षश्राद्ध आलंय, त्या दिवशी सगळ्यांना मायचं गाणं पूर्ण करून ऐकवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. या वेळी नक्की. मग म्हणाले, "तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही हो. माझ्या लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा ती नुसती पदर सावरते. कॅसेट आहे ना तुमच्याकडे?"

मी म्हटलं, आहे म्हणजे काय, अगदी सुरक्षित आहे. ते म्हणाले, रविवारी येतो घ्यायला.

फोन ठेवला आणि अर्धी दाढी तशीच राहिली. कारण मला संक्रांत आठवली.

संक्रांतीच्या आसपास भडगावहून माझ्या थोरल्या भावाचा, आप्पांचा, फोन आला होता. गिरणा नदीकाठच्या सव्वा एकरात त्यांनी दादर ज्वारी पेरली आहे. कणसं भरायला लागली आणि पाखरांनी उच्छाद मांडला. तुम्ही शेतातले असाल तर माहीत असेल, कॅसेटची फीत काढून पिकावर ताणून बांधली की ती वाऱ्यावर गुणगुणते, उन्हात चमकते आणि पाखरं जवळ येत नाहीत. जुन्या कॅसेटी असतील तर पाठव, म्हणाले.

आता कारखान्यात आमचा एक नियम आहे. तीन वर्षं जागचा हलला नाही तो माल डेड स्टॉक. तो काढून टाकायचा. मी माळ्यावर चढलो, कॅसेटींचं खोकं पाहिलं आणि नियम लावला. सत्यनारायणाची कथा, कवायतीचं संगीत, किशोररावांचे अल्बम. वीस वर्षं कोण हललं होतं?

गुरुवारी मी डायरी काढून पान उघडलं. माझ्याच सुंदर अक्षरात होतं: "अकरा कॅसेटी आप्पांकडे रवाना. खोकं निरंक."

निरंक. वाचलं आणि खाली बसलो. म्हणजे एका मुलाकडे आईचा जो एवढाच आवाज उरला होता, तो मी पाखरं हाकलायला पाठवला होता.

बायकोला, सुलभाला, सांगावं की नाही? तुम्ही सांगितलं असतं. मी नाही सांगितलं. तेवीस वर्षं तिला प्रत्येक वस्तूची जागा शिकवलेला माणूस मी, तोंड कुठलं उघडणार? दोन रात्री कुशी बदलल्या. शनिवारी सुलभाला म्हटलं, आप्पांचा गुडघा फार दुखतोय, बघून येतो. आणि पाचोऱ्यावरून भडगाव गाठलं.

शेतात गेलो तर काय देखणं काम केलं होतं आप्पांनी. दादरीच्या ओळींवर काठ्या, काठीकाठीला फीत, आणि फितीच्या टोकाला तिचीच रिकामी होत आलेली कॅसेट लटकवलेली. वारा आला की सगळं रान गुणगुणायचं. मला हायसं वाटलं. कॅसेटवर चिठ्ठी आहे, चिठ्ठीवर माझं अक्षर आहे. आता मायची तेवढी शोधायची आणि फीत गुंडाळून न्यायची.

पहिली चिठ्ठी पाहिली. कोरी. दुसरी, तिसरी, कोरी. महिनाभराच्या दवानं आणि उन्हानं माझी शाई धुऊन नेली होती. सांगितलं होतं ना, लक्षात ठेवा म्हणून?

मग एकच मार्ग राहिला. सगळ्याच फिती गुंडाळायच्या, घरी नेऊन एकेक वाजवून बघायची. मी एक काटकी घेतली आणि जवळच्या टोकापासून गुंडाळायला लागलो. फीत कुठे पिळलेली, कुठे चुरगळलेली. प्रत्येक सुरकुतीला वाटायचं, हीच ती. हाच मायचा आवाज, आणि याला माझ्या हातून घडी पडली.

तिसरी ओळ मोकळी केली तेवढ्यात आप्पा धावत आले. "मधू, काय करी ऱ्हायना रे तू? पाखरे बठ्ठी दादर खाई जातीन!"

आप्पा इकडून हुर्र करत होते, मी तिकडून गुंडाळत होतो, आणि मोकळ्या झालेल्या तीन ओळींवर मैनांचा थवा येऊन निवांत बसला होता. त्याच वेळी बांधावर मोटारसायकल थांबली. लांब केस दिसले. फक्त मागून.

झालं होतं असं. किशोररावांनी आमच्या घरी फोन केला होता. सुलभानं त्यांना सांगितलं की आप्पांचा गुडघा जास्त दुखतोय, हे तिकडे गेलेत. किशोरराव पडले सज्जन. धुळ्याहून मुद्दाम, मालिशचं तेल घेऊन, आप्पांना बघायला आले होते. आणि आप्पा त्यांच्यासमोर बांधावरून उड्या मारत पाखरं हाकलत होते.

"आप्पा, गुडघा कसा आहे?" किशोररावांनी विचारलं.

"कोना गुडघा?" आप्पा म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात काटकी, काटकीवर फितीचा गुंडा. तिथेच उभ्यानं मी सगळं सांगून टाकलं. डेड स्टॉक, संक्रांत, अकरा कॅसेटी, निरंक.

किशोरराव दादरीत शिरले, एका फितीजवळ गेले आणि तिला कान लावून उभे राहिले. वारा चालू होता. बराच वेळ त्यांनी ऐकलं. मग विचारलं, यातली कोणती? मी म्हटलं, माहीत नाही. ते बांधावर येऊन बसले, तेलाची बाटली शेजारी ठेवली.

"तुमच्याकडे काही हरवत नाही म्हणून दिली होती, साडूभाऊ."

दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुलभा. आप्पांना दवाखान्यात नेलं का, विचारत होती. आता लपवून काय करायचं? तिलाही सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, मायची कॅसेट ना? ती कपाटात आहे. घराच्या कागदांखाली."

मी म्हटलं, कशी असेल?

"मला काय विचारता? तुमचंच अक्षर आहे वर. 'हात लावू नये.' म्हणून मी दिवाळीला कपाट पुसते तेव्हाही लावत नाही."

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. माय गेली त्या आठवड्यात मीच माळ्यावर चढलो होतो. मीच ती कॅसेट वेगळी काढून कपाटात ठेवली होती आणि मीच त्या दिवशीच्या पानावर तसं लिहिलं होतं. पण आम्हा स्टोअरवाल्यांची सवय अशी, माल सापडेना की पहिलं बघायचं ते बाहेर काय गेलं त्याचं पान. आत काय ठेवलं ते पान उघडतो कोण? खोक्यावरच्या चिठ्ठीत कॅसेटी बारा लिहिल्या होत्या. आप्पांकडे गेल्या अकरा. उरलेली एक कुठे, हा साधा प्रश्न वॉशर मोजणाऱ्या माणसाला पडला नाही.

किशोररावांना सांगितलं. त्यांनी आधी चष्मा काढून डोळे पुसले, मग तेलाची बाटली उचलून माझ्या हातात दिली. म्हणाले, गुडघे तुमचेच लटपटताहेत, तुम्हीच लावा.

मग आम्ही तिघांनी सोडलेल्या तीन ओळी पुन्हा बांधल्या. आप्पा कुरकुरत होते. शेवटी पलीकडच्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, बरं झालं, तू तिथवर पोचला नाहीस. ती पट्टी सगळ्यांत भारी. "बाकीस्वर एखादी मैना बसस तरी. तठे आजलोंग एक बी पाखरू उनं नही."

त्या पट्टीकडे आजवर एकही पाखरू फिरकलं नाही, याचं किशोररावांना नवल वाटलं. ते जाऊन त्या काठीला लटकलेली कॅसेट बघून आले. तिच्यावरची चिठ्ठी माझी नव्हती, त्यांची होती. त्यांनी वीस वर्षांपूर्वी काळ्या मार्करनं वाकडंतिकडं खरडलेलं, आणि अक्षर न् अक्षर शाबूत. त्यांनी वाचून दाखवलं, "निवेदन, साडूभाऊ."

आणि मग ते हसत सुटले. बांधावर बसून, पोट धरून. थोडं ओसरल्यावर म्हणाले, "साडूभाऊ, आता सांगतो. तेव्हा मूड गेला नव्हता हो. पण तुम्ही पडलात साडू. तुम्हाला सांगणार कसं?"

रविवारी ते घरी येऊन कॅसेट घेऊन गेले. मायचं गाणं कुठवर आलं म्हणून काल विचारलं, तर शेवटची दोन मिनिटं राहिलीत म्हणाले. होईल या वेळी. पण त्यांच्या पाच अल्बमांपैकी आजवर बाहेर एकही आला नाही, हे खरं आहे. बाहेर आला तो माझाच. भडगावला, सव्वा एकरात, रोज सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चालू असतो, आणि आप्पा म्हणतात तसं, श्रोता अजून एकही फिरकलेला नाही.