बंद केल्यावर थोडा वेळ

पहिल्यांदा ते झालं तेव्हा चावी माझ्या हातात होती. पार्किंगमध्ये आमच्या जागेवर गाडी लावली, चावी फिरवून काढून घेतली, पर्स उचलली, आणि इंजिन चालूच. धड चालू असंही म्हणता येणार नाही. खोकल्याची उबळ आवरत नाही तसं ते धक्के देत, अंग झटकत फिरत राहिलं. मग एक मोठा हिसका बसला आणि सगळं गप्प झालं.

मी हातातल्या चावीकडे बघत राहिले. मागच्या सीटवर आई होती. ती घाबरली असेल म्हणून वळून पाहिलं, तर डोळे मिटून, मान जराशी कलती करून बसलेली. शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तशी.

"काय झालं गं हिला?" मी विचारलं.

"काही नाही. थांबली की आपली आपण," आई म्हणाली आणि दार उघडून उतरली.

गाडी आप्पांची, माझ्या वडिलांची. पांढरी, पेट्रोलवरची, बरीच जुनी. आप्पा साताऱ्याकडचे. उभा जन्म तुर्भ्याच्या मार्केटात एका व्यापाऱ्याकडे नोकरी केली आणि निवृत्त व्हायच्या थोडं आधी ही गाडी घेतली. तिच्यावर धूळ बसलेली त्यांना खपायची नाही. आत कुणी वडापाव खाल्ला तर दोन दिवस काचा उघड्या ठेवून फिरायचे. जुईनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी, आई आणि ते, अशी तीनच माणसं. आता दोघी.

मागच्या उन्हाळ्यात आप्पा याच गाडीत गेले, याच जागेवर. दुपारी भाजी घेऊन आले, गाडी लावली आणि एसी चालू ठेवून, सीट जरा मागे सरकवून बसले. ती त्यांची नेहमीची सवय होती. वर घरी एसी नव्हता, आणि वर आलं की आई कामाला लावते असं ते म्हणायचे. वॉचमनने पाहिलं, पण झोपलेत असं समजून हाक मारली नाही. जेवायला का आले नाहीत म्हणून आई खाली गेली. इंजिन चालू होतं, आत गारवा होता, कोथिंबिरीची जुडी बाजूच्या सीटवर होती, आणि आप्पा नव्हते. मी बेलापूरला ऑफिसात होते. येईपर्यंत त्यांना वर नेलेलं होतं. आई खाली गेली तेव्हापासून मी पोचले तोवर काय काय झालं, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गाडी विका म्हणून सगळ्यांनी सांगितलं. आई म्हणाली, "उभी राहू दे." पावसाळाभर ती कव्हर घालून उभी राहिली. दिवाळीनंतर मी बॅटरी बदलून ती बाहेर काढली. सुट्टीच्या दिवशी आईला घेऊन खारघरला किंवा वाशीला एखादी चक्कर मारायची, एवढाच वापर. आई तेव्हापासून मागेच बसायची. पुढची डावीकडची सीट मोकळी असायची.

लवकरच गाडी सिग्नलला थरथरायला लागली. मागून काळा धूर यायचा. आणि मग हे सुरू झालं, बंद केल्यावर चालू राहणं. दर वेळी नाही. पण झालं की आमच्या पार्किंगमध्येच व्हायचं.

शिरवण्याच्या बाजूला एक गॅरेज आहे. मालक तिथल्याच गावातला, आप्पांच्या ओळखीचा. मी गाडी नेली तेव्हा त्याने ती पुन्हा पुन्हा चालू केली, बंद केली. दर वेळी ती शहाण्यासारखी गप्प झाली.

"माझ्याकडे तर नाय करत, मॅडम."

"घरी करते. आमच्या जागेवर."

तो हसला. "डॉक्टरकडे गेल्यावर ताप उतरतो ना, तसं हाय ते." पण हसताना त्याने ड्रायव्हरच्या सीटकडे एकदा पाहिलं. आप्पा त्याच सीटवर गेले हे त्याला माहीत होतं.

त्याच्या मते इंजेक्टर बिघडले होते. इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या बोटाएवढ्या नळ्या, चार असतात. गाडी पावसाळाभर उभी राहिली, आत पेट्रोल सुकलं, घाण धरली. "दोन रस्ते हायेत. काढून साफ करायचे, नायतर नवीन टाकायचे. साफ केल्यावर चालतील पन, नाय पन. नवीन टाकले की टेन्शन नाय."

मी घरी येऊन आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बदलायचं काही नाही. साफ करून घे."

"अगं, पण तो म्हणतोय—"

"त्यांच्या वेळचं आहे ते राहू दे की. साफ करून घे."

साफ करताना मी तिथे थांबले. चारही इंजेक्टर काढून त्याने एका थरथरणाऱ्या पाण्याच्या टबात ठेवले. चष्म्याच्या दुकानात फ्रेम धुवायला असतो ना, तसल्याच टबात. नंतर एका मशीनला ओळीने लावले. प्रत्येकाखाली एक काचेची उभी नळी. बटण दाबल्यावर चारही नळ्यांत धुक्यासारखा फवारा उतरला. किती बारीक, किती सारखा.

"बघा. झाले ना मोकळे?" त्याने मशीन बंद केलं आणि हात पुसायला वळला.

मी इंजेक्टरांकडे बघत उभी होते. तीन कोरडे पडले. चौथ्याच्या तोंडाशी एक थेंब जमायला लागला. मशीन बंद होतं, पंखा बंद होता, गॅरेजमध्ये आवाज नव्हता. थेंब हळूहळू फुगला, लोंबला आणि पडला. त्या जागी दुसरा जमायला लागला.

"हे बघा," मी म्हणाले.

तो परत आला. त्याने वाकून पाहिलं. "हा नीट मिटत नाय," म्हणाला. "आतून झिजला असल. बंद केल्यावर पन थेंब थेंब सोडतो. इंजिन तापलेलं असतं, त्यात हा थेंब पडला की पेटतो. म्हनून फिरत असल तुमची गाडी."

कारण कळलं म्हणजे माणसाला बरं वाटायला हवं. मला वाटलं नाही. तो म्हणाला, बघू थोडे दिवस, बसेल कदाचित. मलाही आईशी वाद नको होता. तेच इंजेक्टर परत बसवून मी गाडी घरी आणली.

काही आठवडे खरंच काही झालं नाही. आईने मात्र दोनदा विचारलं, "आता एकदम बंद होते का गं?" मी हो म्हटलं की ती गप्प व्हायची. मला वाटलं, काळजीने विचारतेय.

मग पेट्रोल कमी व्हायला लागलं. रविवारी भरलेली टाकी पुढच्या रविवारी बरीच उतरलेली असायची, आणि मधे तर मी गाडी हलवलेलीसुद्धा नसायची. कुणी काढून घेतंय का म्हणून मी खाली वाकून पाहिलं. फरशी कोरडी होती. गाडीत शिरलं की पेट्रोलचा वास मात्र यायचा, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. आणि ड्रायव्हरची सीट मला दर वेळी पुढे ओढून घ्यावी लागायची. आधी वाटलं, गॅरेजवाल्याने मागे केली असेल. पण मी पुढे घेतली, तरी ती पुन्हा मागे. आप्पा ठेवायचे तितकी मागे.

हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार? ऑफिसातून आल्यावर पार्किंगमधून जाताना मी त्या गाडीकडे बघायचं टाळायला लागले. मोबाइलमध्ये डोकं घालून लिफ्टपर्यंत जायचे.

एका दुपारी ऑफिसात मला कणकण वाटायला लागली म्हणून हाफ डे टाकून घरी आले. रणरणतं ऊन. सोसायटीत चिटपाखरू नव्हतं, वॉचमन टाकीकडे पाइप लावत होता. पार्किंगच्या सावलीत शिरले आणि पाय थबकले. आमची गाडी चालू होती. एसीचं पाणी खाली टपकत होतं. काचांवर बाहेरून दमट वाफ धरलेली. आणि ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसलेलं होतं, सीट मागे करून, मान मागे टेकून, तोंड किंचित उघडं.

वॉचमनने आप्पांबद्दल नेमकं असंच सांगितलं होतं.

मी ओरडले नाही. किती वेळ उभी होते ठाऊक नाही. मग काचेवरची वाफ जराशी ओघळली आणि हिरवी बांगडी दिसली. आप्पा गेल्यावरही आईने बांगड्या काढल्या नव्हत्या. आई होती.

मी धावत जाऊन काचेवर थापा मारल्या. आईने डोळे उघडले. ती दचकली नाही. हाताचा पंजा वर करून तिने मला खूण केली, थांब. मग पुढे वाकून चावी फिरवली.

इंजिन बंद झालं. आणि परत फिरायला लागलं. धक्के देत, थरथरत, चाचपडत. आईचा हात डॅशबोर्डवर पालथा ठेवलेला होता. गाडी हिसके देत होती तसा तो हातही हलत होता. मग हिसके विरळ झाले. मग एक बराच उशिरा आला. मग नाही.

तिने दार उघडलं. "ऐकलंस?" म्हणाली.

"आई, काय करतेस तू इथे?"

"बस ना जरा." मी पलीकडून जाऊन डावीकडच्या सीटवर बसले. आतमध्ये पेट्रोलचा वास दाटला होता. तिच्या मुठीत आप्पांची चावी होती, ती इतके दिवस तिच्याकडे होती हेही मला माहीत नव्हतं.

"त्या दिवशी गाडी मी बंद केली," आई म्हणाली. "मी आले तेव्हा ते असे होते. मी हाका मारल्या. हलवलं. मग मला काही सुचेना, म्हणून मी चावी फिरवली. आवाज एकदम थांबला बघ. एका क्षणात. तोपर्यंत मला वाटत होतं, झोपलेत. हात तर गरमच होता. आवाज थांबला आणि मला कळलं."

तिने मुठीतली चावी बोटांनी चाचपली.

"आता ती तशी पटकन थांबत नाही. जरा वेळ घेते. तेवढं ऐकलं की मी वर जाते."

त्या संध्याकाळी गॅरेजवाल्याला फोन करून मी घरीच बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, ऑइल तपासायची पट्टी बाहेर ओढली, नाकाशी नेली आणि माझ्यापुढे धरली. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता.

"मॅडम, अशी चालू ठेवू नका. तो थेंब टपकून टपकून खाली ऑइलात चाललाय. इंजिन जाईल. आग पन लागू शकते." मग त्याने माझ्यामागे उभ्या असलेल्या आईला पाहिलं आणि आवाज उतरवला. "आता बदलायलाच पायजे, आजी."

आईने त्याला विचारलं, "नवीन टाकल्यावर एकदम बंद होईल का?"

"एकदम. कलनार पन नाय तुमाला."

मला तिच्याकडे बघवेना. त्याला मी उद्या सांगते म्हटलं. गाडी हलवायची नाही असं बजावून तो गेला. आईकडून चावी मागायचा धीर मला झाला नाही. तिला ते थोडे धक्के राहू द्यावेत आणि मुकाट्याने पेट्रोल भरत जावं, असंही माझ्या मनात येऊन गेलं. दुसऱ्याच क्षणी वास आठवला, बंद काचा आठवल्या.

सकाळी चहा गाळताना आई पाठमोरीच म्हणाली, "टाकून घे नवीन. चारी."

"नक्की?"

"गाडीला असला वास आलेला त्यांना चालला नसता."

नवे इंजेक्टर बसले. आई गॅरेजला आली होती. येताना ती पुढे बसली, मी न सांगता. पार्किंगमध्ये गाडी लावली आणि माझा हात चावीवर थबकला. आईने नुसती मान हलवली. मी चावी फिरवली.

काहीच झालं नाही. आवाज होता, मग नव्हता. इतकं साधं. कानात दडे बसल्यासारखं झालं. आई समोर बघत होती. मला वाटलं रडेल. थोड्या वेळाने तिने सीटबेल्टचं बटण शोधलं, ते तिला सापडेना, मी बेल्ट काढून दिला.

गॅरेजवाल्याने जुने इंजेक्टर एका पिशवीत घालून दिले होते, बदललेत याची खात्री म्हणून. आईने वर आल्यावर ते ओट्यावर ओतले, एक उचलून उजेडात धरला. "एवढंसं असतं?" म्हणाली. मग चारही परत पिशवीत भरून भंगारात द्यायला बाजूला ठेवले आणि साबणाने हात धुतले. आता दुपारची ती झोपते. आप्पांची चावी तिने माझ्या कपाटात आणून ठेवली.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. काही दिवसांनी गेटपाशी वॉचमन भेटला. मी त्याला म्हटलं, "आता दुपारी आमची गाडी चालू दिसणार नाही. आई बसायची, तुम्ही मला सांगायला हवं होतं."

तो जरा गोंधळला. "आई बसायच्या ते बघितलंय मी. पण मॅडम, पावसाळ्यात कव्हर होतं ना, तेव्हा पण आवाज यायचा एखाद्या दुपारी. मला वाटलं, तुम्हीच बॅटरीसाठी चालू करता."

"पावसाळ्यात बॅटरी उतरलेली होती. गाडी सुरूच होत नव्हती. दुसऱ्या कुणाची असेल."

"असेल," तो म्हणाला. बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता, तो गेट उघडायला गेला.

दुसऱ्या कुणाचीच असणार. पार्किंगमध्ये आवाज घुमतो, कुठून आला ते कळत नाही. गाडी मी विकलेली नाही. चांगली चालते, सिग्नलला थरथरत नाही, धूर नाही. फक्त सुट्टीच्या दिवशी काही आणायला खाली जायचं असलं, तर मी ऊन उतरेपर्यंत थांबते.