आडव्या होडीतलं तेल

अतायाच्या बंदरात उस्ता फर्जानीला लोक इंजिनांचा हकीम म्हणायचे आणि त्याला त्याचा राग यायचा. "हकीम आधी नाडी बघतो. मी आधी माणूस बघतो," असं तो म्हणायचा, आणि करायचाही तसंच. कुणी सांगत आलं की इंजिन तेल पितंय, दाबाचा काटा नाचतोय, तर हा हत्यारांची पेटी उघडायचाच नाही. होडीच्या कडेवर पाय सोडून बसायचा आणि मालकाला म्हणायचा, "रोज सकाळी करतोस ते सगळं कर. मी इथे नाहीच असं समज." मग तो गप्प बसून बघायचा. निम्मी दुखणी तिथेच कळायची. कुणी तेलाच्या डब्याला झाकण म्हणून समुद्रात भिजलेली चिंधी कोंबलेली असायची, तर कुणी थंडगार इंजिन सुरू झाल्याबरोबर त्याचा जीव जाईस्तोवर पळवायचा.

पेटी उघडायची वेळ आलीच तर त्याचा हात बघत राहावा असा होता. तेलाचा थेंब तो अंगठ्यावर चोळायचा, नाकाशी न्यायचा. डिझेल मिसळलं असेल तर वासाने ओळखायचा. दुसरा थेंब तापलेल्या नळीवर टाकायचा. आत पाणी शिरलं असेल तर तो तडतडायचा. तेल दुधासारखं झालं असेल तर थेंबही टाकायचा नाही. मालकाकडे नुसता असा बघायचा की तो बिचारा आपणहून सांगू लागायचा, खारं पाणी कुठून शिरलं असेल ते. करकेनाच्या बेटांवर शिडाच्या जेवढ्या जुन्या होड्या आहेत, त्यांच्या पोटातली म्हातारी इंजिनं या एका माणसाच्या जिवावर चालत होती, आणि हे मी त्याच्यावरच्या मायेपोटी सांगत नाही. त्याच्याशी ज्यांचं पटत नसे तेही हेच सांगतील.

अशा माणसाने एकदा खुर्चीत बसून निदान केलं, त्याची ही गोष्ट.

त्या साली बंदराचा धक्का मोठ्या ट्रॉलरांनी अडवला आणि लहान होड्यांना आपापल्या घरासमोरच्या चिखलात यावं लागलं. भरती असली की होड्या तरंगायच्या, ओहोटी लागली की कुशीवर पडून राहायच्या. मबरूकाची होडीही तशीच तिच्या दारात आली. मबरूका म्हणजे शाद्लीची विधवा. नवरा गेल्यावर चार दिवस रडून तिने डोळे पुसले आणि त्याची होडी हातात घेतली. शीड ती नवऱ्याच्या बरोबरीने आधीपासूनच ओढायची. इंजिनाचं मात्र शाद्ली सांगून गेला होता तेवढंच तिला ठाऊक होतं: रोज सकाळी इंजिनात खोचलेली मापाची पट्टी काढून तेल बघायचं, कमी असेल तर घालायचं, त्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही. ती नमाज चुकवील, पण तेल बघायचं चुकवणार नाही, अशी होती.

उन्हाळा संपता संपता तिच्या होडीतून निळा धूर निघायला लागला. तळात तेलाचं थारोळं साचायचं. बंदरावरच्या चहाच्या दुकानात पत्ते खेळता खेळता तिचा दीर तिजानी म्हणाला, "उस्ता, बघ ना तो धूर. काय झालं असेल रे?"

फर्जानीच्या हातात चहा होता आणि पानंही चांगली आली होती. त्याने मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्या. संपलं ते इंजिन."

झालं. तिजानीला तेवढंच हवं होतं. त्याने त्याच संध्याकाळी स्फाक्स शहरात राहणाऱ्या मबरूकाच्या मुलाला, लसादला फोन लावला. उस्ता फर्जानीनेच सांगितलंय, इंजिन संपलं. आता आई शर्फिया कशी बांधणार? दर शरदात समुद्रात खजुराच्या फांद्या रोवून मासे धरायचं हे कुंपण उभारायचं असतं, आणि फांद्या वाहायला होडी लागते. ज्याचं कुंपण उभं राहत नाही, त्याचा समुद्रातला वाटा शेजारी वापरायला लागतो. इथे शेजारी कोण, तर तिजानीच. लसाद भला मुलगा. तो म्हणाला, येत्या जुम्म्याला येतो आणि आईला घेऊन जातो.

मबरूका दुसऱ्या दिवशी फर्जानीच्या दारात उभी राहिली. हातात ओल्या चपला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले.

"उस्ता, माझ्या होडीत पाय न ठेवता तिचा जनाजा काढलास होय?"

"वहिनी, धूर निळा होता..."

"माझ्या नवऱ्याच्या होडीत बसून तू जेवढं भाकरी-ऑक्टोपस खाल्लंस ना, तेवढं तर माझ्या मुलाने खाल्लं नसेल. आणि तिला बघायला तुला खुर्चीवरून उठवलं नाही."

 फर्जानीने पेटी उचलली आणि तिच्या मागोमाग चिखल तुडवत निघाला.

ओहोटी होती. होडी कुशीवर पडली होती. त्याने पट्टी काढली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. थेंब चोळला: डिझेल नाही. तेल चांगलं काळं होतं, दुधी नव्हतं. मग त्याने हॅन्डल लावून इंजिन हाताने फिरवून पाहिलं. रिंगा गेलेलं इंजिन हाताला लागत नाही, गरागरा फिरतं. हे मात्र अडून बसलं, फिरवता फिरवता त्याच्या दंडाला घाम फुटला.

"रिंगा ठणठणीत आहेत," तो पुटपुटला.

"मग काल काय होतं ते?"

"काल मी गाढव होतो. मला जरा विचार करू दे."

विचार करून उलगडा होईना. रिंगा चांगल्या, मग तेल जातं कुठे? शेवटी तो कडेवर पाय सोडून बसला. जे आधी करायचं ते त्याने आता केलं. "वहिनी, रोज सकाळी करतेस ते सगळं कर. मी इथे नाहीच असं समज."

"तू नसतास तर बरंच झालं असतं," असं म्हणत तिने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला गुंडाळली. तिरक्या फळीवर पाय रोवून पट्टी काढली, स्वच्छ फडक्याने पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली, डोळ्यांजवळ धरली. मग डबा उचलून तेल ओतायला लागली. एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. शाद्लीने शिकवलं होतं तस्सं.

"रोज ओहोटीलाच बघतेस?"

"मग कधी? आत्ता चिखलातून चालत येता येतं. पाणी चढलं की कमरेएवढ्यातून यावं लागतं. आणि होडी उचलली की निघायची घाई."

 फर्जानीने तिला बसायला सांगितलं, खिशातून भाजलेले हरभरे काढले, आणि दोघं हरभरे खात बसले. हळूहळू भरती आली. पाणी फळ्यांना लागलं, होडी कण्हली, जरा हलली, आणि उठून सरळ झाली.

"आता काढ पट्टी," फर्जानी म्हणाला.

तिने काढली आणि बघतच राहिली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर, जवळजवळ मुठीपर्यंत होतं.

"मी एवढं नाही घातलं," ती म्हणाली. मग थांबली. होडी कुणीकडे कलंडते, पट्टी इंजिनाच्या कुठल्या बाजूला आहे, हे तिचं तिलाच दिसलं. होडी पडली की तेल खालच्या बाजूला जायचं आणि वरच्या बाजूची पट्टी कोरडी दिसायची. शाद्लीच्या वेळी होडी धक्क्याला, खोल पाण्यात असायची; कधी पडायचीच नाही. ती रोज घालत होती, आणि इंजिन ते जास्तीचं तेल घुसळून, फेस करून रोज बाहेर टाकत होतं, जळून धुरातून आणि पाझरून तळात.

मबरूका फळीवर बसली.  मग म्हणाली, "त्याची होडी मीच मारत होते."

"मेली नाही ना अजून," फर्जानी म्हणाला आणि त्याने पेटीतून हातपंप काढला. त्याचा आवाज जरा चढला होता, कारण तिचं ते तोंड त्याला बघवत नव्हतं.

जास्तीचं तेल उपसून झाल्यावर त्यांनी इंजिन चालू केलं. आधी धूर निघाला, मग विरळ झाला, मग दिसेनासा झाला. दाबाचा काटा वर चढला आणि हलला नाही. फर्जानी त्या काट्याकडे असा बघत होता, जसं कुणी ताप उतरलेल्या पोराकडे बघावं.

जुम्म्याला नमाजानंतर लसाद आला. तिजानीने त्याला चहाच्या दुकानातच बसवून घेतलं होतं. दुकान भरलेलं होतं. फर्जानी उभा राहिला. ज्या खुर्चीतून बोलला होता, तिच्याच शेजारी.

"लसाद, तुझ्या आईचं इंजिन चांगलं आहे. मी न बघता बोललो. चूक माझी."

तिजानी हसला. "मग धूर काय हुक्क्याचा होता?"

फर्जानी अडखळला. "एक सील गेलं होतं. बदललं."

"खोटं बोलू नकोस उस्ता. शोभत नाही तुला."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मबरूका पायरीवर उभी होती. त्या पायरीच्या वर बाया कधी येत नसत, तीही आली नव्हती. तिथूनच म्हणाली, "तेल मी जास्त घातलं. होडी चिखलात आडवी पडलेली असताना पट्टी बघायची आणि वर ओतायची. उन्हाळाभर हेच केलं."

तिजानीने मांडीवर थाप मारली. "ऐकलंस लसाद? म्हणून सांगत होतो, इंजिन काय बायकांचं काम आहे?"

"भावजी," मबरूका शांतपणे म्हणाली, "तुमची होडी कुठे असते हो?"

तिजानीचं हसू तोंडातच राहिलं.  उन्हाळाभर याच दुकानात बसून सगळ्यांनी तेलवाल्याला शिव्या घातल्या होत्या, की भेसळीचं तेल देतो, इंजिनं पितात नुसती. आता जो तो आपल्या पेल्यात बघत होता. मग एक जण उठला, काहीतरी काम आठवल्यासारखा. त्याच्या मागे दुसरा. भरती होती, होड्या सरळ होत्या; पट्टी आत्ता खरं सांगणार होती. तिजानी सगळ्यात शेवटी उठला आणि कुणाकडे न बघता किनाऱ्याकडे चालू लागला.

लसाद पायरीशी आला. "आई, मी बॅग आणलीय. सामान कुठंय?"

"सामान राहू दे. हात मोकळे कर. फांद्या चढवायच्यात."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या.

होडीत फांद्यांचा ढीग लागत होता. आपलं एक काम तरी आता चोख करावं म्हणून फर्जानी खाली वाकला आणि त्याने पट्टीला हात घातला.

"थांब," मबरूका म्हणाली.

इंजिनाच्या खोक्यात तिने एक दोरा टांगला होता. त्याच्या टोकाला शाद्लीच्या जाळ्यातलं शिसं होतं, आणि मागच्या फळीवर खिळ्याने ओढलेली एक उभी रेघ. होडी सरळ असली की दोरा बरोबर रेघेवर यायचा. आत्ता सगळ्या फांद्या एका बाजूला पडल्यामुळे तो रेघेपासून बोटभर लांब लोंबत होता.

"लसाद, त्या फांद्या जरा पलीकडे सरकव," ती म्हणाली. "उस्ता, तू हात काढ आधी."

फर्जानीने हात काढला. शिसं हळूहळू रेघेकडे येत होतं, आणि तो इंजिनांचा हकीम शिकाऊ पोरासारखा तिच्या शेजारी उकिडवा बसून, ती 'बघ आता' म्हणायची वाट बघत राहिला.