कांता सिस्टरच्या मांडीवरचा नारळ

आधीच सांगून ठेवतो... मी लॅबमधला माणूस आहे. रक्त, लघवी, थुंकी तपासून पोट भरतो. काचेखाली जे दिसत नाही त्यावर माझा विश्वास नाही, आणि या सदरातले बरेचसे अनुभव मी चहा पिताना हसायला म्हणून वाचतो. तेव्हा आज तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही.

आमचं सरकारी रुग्णालय औंढ्याहून वसमतकडे येताना लागतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढं ओपीडी, मागं बाळंतिणींचा वॉर्ड आणि त्याला लागून माझी लॅब. मधलं मोठं अंगण ओलांडलं की मीटिंगचा हॉल. हॉलमधून वॉर्ड दिसत नाही आणि वॉर्डातला आवाज हॉलपर्यंत पोचत नाही.

कांता सिस्टरची निम्मी नोकरी त्या वॉर्डात गेली. पेशंटला हात लावण्याआधी दोन्ही तळवे चोळून गरम करायचे, ही त्यांची सवय. एकदा नवीन पोरीच्या हातून औषधांचा ट्रे पडला, तर डॉक्टर तोंड उघडायच्या आत "माझाच धक्का लागला" म्हणून मोकळ्या झाल्या. आणि स्टाफमध्ये कुणाचा वाढदिवस असो, हळदीकुंकू असो, त्यांचं वाक्य ठरलेलं: "तुमी जा गं पोरींनो, मी बसते." त्यामुळं झालं असं की वॉर्डात कोण थांबणार, हे विचारायची पद्धतच आमच्याकडं उरली नव्हती.

नव्या नर्सना त्या शिकवायच्या, तेही मी लॅबच्या दारातून ऐकलेलं आहे. बाळंतपणानंतर गर्भाशय सैल पडलं तर रक्त थांबत नाही. अशा वेळी मदत येईपर्यंत पोटावर गोल गोल हात दाबून फिरवत राहायचं. "हाताखाली नारळावानी टणक लागलं पाहिजे. तवर हात काढायचा न्हाई, मग साहेब येवो का साहेबाचा बाप."

तर त्यांच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता. भर दुपार, गावात जिकडंतिकडं हळद शिजत होती, तिचा वास पार हॉलमध्ये. सिस्टर त्या दिवशी ड्युटीवर नव्हत्या. हिरवी साडी नेसून घरून थेट हॉलमध्ये आल्या. शाल पांघरून, हातात नारळ देऊन त्यांना स्टेजवर बसवलं आणि डॉक्टरसाहेबांचं भाषण सुरू झालं. साहेब बोलायला लागले की लवकर आटपत नाहीत.

मी दुसऱ्या रांगेत होतो. थोड्या वेळानं लक्षात आलं, सिस्टरचं भाषणाकडं लक्षच नाही. नजर दाराकडं, आणि उजवा हात मांडीवरच्या नारळावर गोल गोल फिरतोय. आधी हळू, मग जोर लावून. शेजारी आमचे फार्मासिस्ट काझीभाई बसले होते. त्यांनी कोपर मारलं, "देखो, सिस्टर नारियल की मालिश कर रहे!" मला हसू आवरेना.

भाषण संपलं. फोटोसाठी सगळ्या नर्स स्टेजवर गेल्या आणि कुणीतरी म्हणालं, "वॉर्डातल्या सिस्टरला पण बोलवा की."

"वॉर्डात कोण आहे?"

सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. मग सवयीनं सगळ्यांनीच कांता सिस्टरकडं पाहिलं... आणि त्या तर स्टेजवर बसलेल्या.

आम्ही पळत सुटलो.

वॉर्डात एकच पेशंट होती. कुरुंद्याकडची पोरगी, पहिलटकरीण, पहाटे आली होती आणि सकाळी मोकळी झाली होती. तिची आई चहा आणायला फाटकापर्यंत गेलेली. पलंगावरची चादर रक्तानं भिजली होती, खाली फरशीवरही रक्त. साहेबांनी पोटावर हात ठेवून पाहिलं.

"टणक आहे," ते म्हणाले. "रक्त थांबलंय. मसाज कुणी केला?"

पोरीचे ओठ पांढरे पडले होते. "त्या म्हाताऱ्या सिस्टर व्हत्या ना... माझ्या अंगातून समदं वाहून राहिलं व्हतं. मी वरडले, तं त्या आल्या. पोट चोळून राहिल्या. लई दुखलं, पर हात गरम व्हते त्यांचे."

"कुठं गेल्या त्या?"

"आत्ता तं व्हत्या हितं. म्हणल्या, समदे कार्यक्रमाला गेले, तू भिऊ नको माय, मी बसते."

साहेबांनी सलाईन लावायला सांगितलं, इंजेक्शन दिलं. तेवढ्यात दुखऱ्या गुडघ्यांनी कांता सिस्टर पोचल्या, अंगावर शाल तशीच.

"ह्याच की," पोरगी म्हणाली.

सिस्टरनी तळवे चोळले आणि तिच्या पोटावर हात ठेवला. त्यांचा उजवा तळवा नारळाच्या काथ्यानं लाल झालेला मी पाहिला.

"सिस्टर, तुम्ही जागेवरून उठला नव्हता. मी समोरच होतो," मी म्हणालो.

"न्हाई रे भाऊ, कुठं उठले!" त्यांचे डोळे भरून आले. "सारखं मनात येऊन राहिलं, वॉर्डात कोणी हाय का न्हाई. पर माझाच सत्कार, उठू कशी? एवढ्या मायेनं बशीवलं सगळ्यांनी... उठायला पाह्यजे व्हतं मी."

ती पोरगी गेली असती तर या बाईनं उरलेलं आयुष्य स्वतःला माफ केलं नसतं, हे मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं मला.

साहेबांचं म्हणणं, गर्भाशय कधी कधी आपोआप आवळतं, आणि अशक्तपणात पेशंटला भास होतात. असेल. 'कधी कधी' हे उत्तर माझ्या लॅबमध्ये चालत नाही, पण दुसरं माझ्याकडंही नाही. हॉलभर माणसांनी सिस्टरना खुर्चीत बसलेलं पाहिलं. वॉर्डात ती पोरगी एकटीच होती, तिनं त्यांना पलंगापाशी पाहिलं. यातलं खोटं काय, हे मी आजही सांगू शकत नाही.

सत्काराचा नारळ लोक घरी नेऊन फोडतात. सिस्टरनी तो फोडला नाही. पोरीला घरी सोडायच्या दिवशी त्या मुद्दाम आल्या, लेकराच्या गालाला हात लावला, पोरीची ओटी भरली आणि पदरात तोच नारळ घातला.

"घे माय," त्या म्हणाल्या, "हा तुझाच हाय."